अकरा मिनिटांची धूळ

क्रेसेन्सिओने कॅमेरा चुलीच्या दगडावर आपटला... काचा उडून आईच्या मक्याच्या पिठात पडल्या!

"विकलास ना माझा डोळा? राजधानीतल्या कलादालनात, वाइन पिणाऱ्यांना दाखवलास ना?"

"दादा, अकरा मिनिटांची फिल्म आहे. एकदा बघ," यादिरा म्हणाली.

"ज्या डोळ्यानं बघायचं तोच गेलाय!"

पावसासाठी दर मे महिन्यात गावच्या दोन्ही पाड्यांचे लोक वाघाचे चामडी मुखवटे घालून, 'वाघ' होऊन मैदानात एकमेकांना दोरानं फोडतात. जितकं रक्त, तितकं पीक. सात वर्षांपूर्वी तिथंच त्याचा डावा डोळा फुटला, आणि बेशुद्ध पडताना त्याला शेवटचं दिसलं... ज्या धाकटीसाठी त्यानं स्वतःची शाळा सोडली, ती कॅमेरा धरून उभी होती! पुढे तीच फिल्म गाजली, ती कलावंत झाली. फिल्म न बघताच गाव हसे, "काय रे काण्या, बहिणीनं तुझं भांडवल केलं की!" त्याच्या काळजाला घरं पडली होती...

"बघणार नाहीस? मग उद्या मैदानात भेट," यादिरा म्हणाली.

पहिला फटका.

समोरच्या रांगेत बापाचा पिवळा मुखवटा होता. आत यादिरा आहे, हे त्यानं उभं राहण्यावरूनच ओळखलं. तरी मारलं.

दुसरा. तिसरा.

मेझ्कालच्या दारूत भिजवलेला दोर कडाडत होता. ती हात उचलेना.

"मार ना गं! की हाही तुझा तमाशाच?"

"माझं कामच हे, दादा... उभं राहायचं."

सातवा.

मुखवटा फाटला, भुवई फुटली, ती गुडघ्यांवर कोसळली.

"हात झडो तुझा, मेल्या!" आई गर्दी फोडून धावली. तिनं आपला फोन त्याच्या उरल्या डोळ्यासमोर धरला. "आधी हे बघ, मग जीव घे तिचा!"

पडद्यावर लढत नव्हतीच.

धूळ. आडवी झालेली जमीन. फेकून दिलेला, तसाच चालू राहिलेला कॅमेरा...

धावणारी अनवाणी पावलं. "सोडा त्याला! दादा!"

मग उताणा पडलेला तो स्वतः. त्याच्या उजव्या डोळ्यावर उतरणारा दोर... आणि मध्ये आलेला एक हात. हाडं मोडल्याचा आवाज.

पुढे नुसती धूळ, आणि तिचं रडणं.

त्यानं तिच्या हाताकडे पाहिलं. दोन बोटं वाकडी. शहरात दारात चेंगरली, असंच ती सांगत आली होती!

"बोलली का नाहीस गं?"

"शाळा सोडलीस, तेव्हा तू बोलला होतास?"

दोर त्याच्या हातून गळून पडला. लढत संपली की वाघानं वाघाला मिठी मारायची, पण मुखवटा उतरवायचा नाही, ही रीत. क्रेसेन्सिओनं साऱ्या गावादेखत मुखवटा काढला, फुटक्या डोळ्यावरचं फडकंही ओढून टाकलं आणि रक्तबंबाळ बहिणीला उराशी कवटाळलं...

"आई, फोन धर. कॅमेरा चालू कर," तो म्हणाला. "आणि टाकून देऊ नकोस हं तूही... परत धूळच यायची!"