खरकटा डबा

माझ्या अनंताने जन्मात कधी स्वतःचं ताट उचललं नाही, हे आधीच सांगून ठेवते. भाकरीचं मधलं मधलं खायचा, कडांचं वेटोळं ताटात ठेवायचा आणि उठायचा. जसे काही पाठीमागे नोकरचाकर उभे आहेत. पाठीमागे मीच उभी असायची.

चौसष्ट साली तो मॅट्रिक झाला. आमच्या घरातला कॉलेजात जाणारा हा पहिलाच. मी स्वतः वाण्याच्या पुड्यांचे कागद सोडवून सोडवून वाचायला शिकले, त्यामुळे कॉलेज म्हणजे मला देवळासारखं. कल्याणला खोली घेतली, पण खानावळीचं त्याला सोसेना. मग आमच्या धसई गावच्या इतर पोरांसारखा त्याचाही डबा एसटीने जाऊ लागला. सकाळच्या गाडीत कंडक्टर देवजी आपल्या सीटखाली भरलेला डबा ठेवायचा, कल्याणच्या स्टँडवर अनंता तो उतरवून घेणार आणि आदल्या दिवशीचा रिकामा डबा देवजीकडे देणार. संध्याकाळी तो डबा आमच्याकडे.

पहिला डबा परत आला तो लखलखीत. राखेने घासलेला, तोंड दिसेल असा. आत चिमूटभर तांदूळ.

"बघा," मी ह्यांना म्हणाले, "भांडं रिकामं परत करू नये, ही रीत कळली पोराला. कॉलेजात काय काय शिकवतात!"

ह्यांनी डबा उलटासुलटा करून पाहिला. "सुरवातीलाच एवढं शिकला, तर पुढली वर्सं तिथं करील काय?"

रोज काहीतरी यायचं. कधी तांदूळ, कधी आवळा. श्रावणात एकदा डबा उघडला तर आत पिकलेली करवंदं.

शेजारची सुंदरा ओट्यावरच होती. "करवंदं वैशाखातली गो वयनी. आता कुठली?"

"कल्याणच्या बाजारात काय नाय मिलत!" मी ठसक्यात म्हणाले.

एक करवंद उचललं. देठाशी पांढरा चीक अजून ओला होता. बोटाला चिकटला.

गणपतीला अनंता घरी आला. गालफडं बसलेली. जेवला, कडा ठेवल्या, उठला.

"तिथं राखेनं डबा घासतोस, नि इथं ताट उचलवत नाय?"

"मी? घासतो?" तो माझ्याकडे बघत राहिला. "आये, खरकटाच देतो मी. खोलीवर स्टो हाय, राख कुठली?"

मग एकदम रडायलाच लागला. पहिल्या दिवशी मास्तरांनी नाव पुकारलं तेव्हा हा गावच्या शाळेतल्यासारखा उठून, हात जोडून, "हजर!" म्हणून ओरडला होता. तेव्हापासून सगळं कॉलेज त्याला हजर म्हणतं. "मी परत जात नाय. माजं मनच लागत नाय तिथं."

ह्यांनी समजूत काढली, मी लाडू बांधले, आणि रडवेल्या तोंडाने का होईना, गेला. पण किती दिवस टिकेल, ही एक धाकधूक राहिली. आणि डबा कोण घासतं, ही दुसरी.

देवजीला विचारलं. तो खाकी टोपी काढून डोकं खाजवू लागला.

"वयनी, येताना मुरबाड सुटलं की मी तिकिटं फाडाया जातो. परत येऊन बघतो तर डबा चकाचक. मला वाटलं, तुमचा काय नवस-बिवस असंल."

"मग तू विचारलं नाय?"

"कुनाला विचारू? सीटखाली?"

विचार केला, कुणी का असेना, खरकटं उचलतं म्हणजे घरचंच झालं. आणि आपण नुसतं घेत राहायचं हे काही बरं नव्हे. रीतीला रीत. दुसऱ्या दिवशी डब्याशेजारी एका फडक्यात वेगळी भाकरी आणि गुळाचा खडा बांधला. गाठ मारता मारता म्हणाले, "बाय असशील नायतर बाबा, एवढं कर. माज्या पोराचं मन लागू दे."

फडकं घडी घालून परत आलं. आत चैत्रात फुलणाऱ्या मोहाचं ताजं फूल. भादव्यात.

मग मी रोजच बांधायला लागले.

दिवाळीच्या सुट्टीला अनंता आला तो हसतच. अंगाने भरलेला, केस चोपून बसवलेले. डबे तिकडेच राहिले म्हणाला. जेवायला बसला. भाकरी कडांसकट खाल्ली. उठला, ताट घेऊन मागच्या दारी गेला, चुलीतली राख घेऊन काथ्याने घासलं.

"कालेज ते कालेज!" हे म्हणाले.

त्याने ताट दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरलं. ताटात करवंदं होती. देठाशी ओला चीक.

"मन लागलं का रे तिथं?" मी विचारलं.

"लागलं की. तिथंच राह्यलं."

संध्याकाळी एसटीचा हॉर्न वाजला. मी उगाच स्टँडवर गेले. देवजीने खिडकीतून डबा काढून दिला.

"हा कुनी दिला?"

"कुनी म्हंजे? अनंतानं. आत्ता दुपारी, कल्याणला. वाळलाय हो पोरगा. सुट्टी परवापासनं हाय म्हनला, इचारीत होता, उद्या डबा येल ना म्हणून."

मी तिथेच झाकण काढलं.

खरकटा. आमटी कडेला वाळलेली. तळाशी भाकरीच्या कडांचं वेटोळं.

खरकटं बघून मला कधी इतकं बरं वाटलं नव्हतं.

घरी आले. तो चुलीशी बसून तांदूळ निवडत होता. ह्यांना दिसू नये म्हणून मी डबा पदराआड मागच्या दारी नेऊन घासला.

सकाळी लवकर उठले आणि भाकऱ्या थापायला घेतल्या. डबा भरला, वर लोणच्याची फोड ठेवली. झाकण लावत होते, तेवढ्यात पाठीमागून आवाज आला. अगदी मायेचा.

"माजी भाकरी फडक्यात बांध, आये."