नई सडकेवरचं कोकम

"चाखून तर पाहा. नाही आवडलं तर माझ्या तोंडावर फेका… फक्त बर्फ काढून फेका."

सोडावॉटरच्या दुकानात अनोळखी पुरुषाने असं बोलू नये, आणि वनमालेने त्यावर हसू नये. पण दोन्ही होऊन गेलं. ती आपली लिंबूसोडा प्यायला आली होती. छप्पन सालचा ऑक्टोबर, ग्वाल्हेरच्या नई सडकेवर ऊन मी म्हणत होतं आणि तिच्या डोक्यात त्याहून जास्त ताप होता. एक नोव्हेंबरला मध्यभारत मोडून नवा मध्यप्रदेश होणार, तिचं सरकारी खातं भोपाळला जाणार. जायचं की राजीनामा द्यायचा, ते महिनाअखेरीच्या आत लिहून द्यायचं होतं. टायपिस्टची ती खुर्ची तिने स्वतः मिळवलेली, चार वर्षं सांभाळलेली. घरी मात्र हा प्रश्नच नव्हता. मुलगी एकटी भोपाळला जाते होय? दिवाळीआधी लग्न ठरवायचं, तुळशीचं लग्न झालं की हिचं उरकायचं, असं तिच्या आत्याने, विजयाबाईंनी, परस्पर ठरवूनही टाकलं होतं.

समोरचा गृहस्थ भालचंद्र. मालवणकडचा, बिर्ला नगरच्या गिरणीत रंगखात्यात नुकताच लागलेला. आईने पाठवलेली बाटली घेऊन तो दुकानदाराकडून नुसतं पाणी आणि बर्फ विकत घेत होता. पेल्यात डाळिंबासारखं लाल काहीतरी डुचमळत होतं.

"हे आहे तरी काय?"

"कोकम. आमसूल माहीत असेल ना?"

"आमसूल काळं असतं. आमटीत घालतात."

"आमटीत पडेपर्यंत वाळून काळं होतं बिचारं. झाडावर लालबुंद असतं."

तिने घोट घेतला. आधी आंबट, मग गोड, मागून मीठ आणि जिरं… दात शिवशिवले आणि एक डोळा आपोआप मिटला.

"डोळा मारलात?"

"आंबट लागलं म्हणून मिटला," ती फणकारली.

"मग आणखी घ्या."

तिने घेतलं. अख्खा पेला संपवला.

"उद्या पाच वाजता बाटली इथेच असेल," तो म्हणाला.

"असू दे की. मला काय रोजच प्यास लागून राहिली आहे?"

लागली. दुसऱ्या दिवशी लागली, तिसऱ्या दिवशी पावणेपाचलाच लागली. तो समुद्राच्या गोष्टी सांगायचा. पिढ्यान्‌पिढ्या ग्वाल्हेरात काढलेल्या घरातल्या तिने समुद्र कधी पाहिलाच नव्हता. ती त्याला इथली मराठी शिकवायची. "येतोय नाही, 'येऊन राहिलोय' म्हणा," ती बजावायची आणि तो म्हणायचा की दोघी हसायच्या, ती आणि तिची बांगडी. बाटली अर्धी झाली तेव्हा वनमालेला कळून चुकलं होतं की आपण या माणसाच्या प्रेमात पडलो आहोत. सांगणार कोणाला…

सांगायची वेळच आली नाही. समोरच्या कापडदुकानाच्या पायरीवरून शेजारच्या शांताताईंनी पाहिलं. वनमाला परक्या पुरुषाबरोबर बाटलीतलं लाल काहीतरी पिते, ही बातमी दिवेलागणीपर्यंत शहराच्या सगळ्या लष्कर भागात फिरली आणि फिरता फिरता तिची दारू झाली. रविवारी मुलगी पाहायला येणाऱ्यांनी निरोप धाडला, आम्ही येत नाही.

वडील, लक्ष्मीकांतराव, खोलीच्या दारात उभे राहिले. गरीब माणूस, त्यांना भांडण पचत नसे.

"वनू, काय होतं तेवढं सांग. मी आत्ता जाऊन त्यांना समजावतो."

कोकम. शब्द अगदी ओठावर आला. बोलली असती तर सगळं सुरळीत झालं असतं. रविवार परत आला असता, त्याच्या मागोमाग राजीनामाही. आणि आज पेल्याचा जबाब दिला की उद्या प्रत्येक पावलाचा द्यावा लागणार. तिचं डोकं तडकलं.

"नाही सांगणार, अण्णा. चोवीस वर्षं तुमच्या घरात वाढले. मी कशी आहे, हे शांताताईंनी सांगितल्यावर कळतं का तुम्हाला?"

"पाहा, अजून अकड आहे," विजयाबाई म्हणाल्या.

"आहे," वनमाला म्हणाली.

अण्णा आत गेले. रात्रभर तिला वाईट वाटत राहिलं, पण शब्द मागे घ्यावेसे वाटले नाहीत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ऑफिसच्या फाटकाशी भालचंद्र उभा. इस्त्रीचा शर्ट, हातात बाटली. सोडावाल्याने त्याला सगळं सांगितलं होतं.

"तुमच्या घरी जाऊन राहिलोय. अण्णांना चाखायला देतो, एका मिनिटात सगळं मिटेल."

"मला मिटवायचं नाही."

"अहो, पण लोक भलतंसलतं…"

"तुम्ही पुरावा घेऊन गेलात की मी निर्दोष ठरेन. मग रविवारी मला शालू नेसवून पाटावर बसवतील." ती म्हणाली. "तुम्हाला तेच हवं असेल तर जा. मी थांबवत नाही."

तो जागचा हलला नाही.

"ते… नकोय."

"मग काय हवंय ते साफ बोला."

"तुम्ही हव्या आहात," तो म्हणाला. कान लाल झाले त्याचे.

वनमालेला एकदम रडू आलं आणि तिने ते येऊ दिलं नाही.

"मी आज सकाळी सही केली. भोपाळ. अण्णांना विचारलं नाही, तुम्हालाही नाही. पण हे मात्र विचारून राहिले… याल?"

"बायकोच्या नोकरीमागे धावला म्हणतील."

"म्हणतीलच."

"कापडाची गिरणी तिथेही आहे म्हणतात. रंग काय, कुठल्याही पाण्यात कालवता येतो." मग तो हळूच म्हणाला, "मी तुमच्या जातीचा नाही, वनमाला."

"अण्णा विचारतील. खरं ते सांगा. बाटली फाटकावर चौकीदाराला देऊन टाका. घरी चलायचं ते मागणी घालायला, माझी सफाई द्यायला नाही."

त्याने बाटली दिली. रिकामे झालेले हात कुठे ठेवावे ते त्याला कळेना, तेव्हा त्यातला एक तिने धरला.

"मागच्या गल्लीने जाऊ या का?" त्याने विचारलं. "तिकडे कोणी नसतं."

"नाही," ती म्हणाली. "टोपी बाजारातून जाऊ. या वेळेला सगळे तिथेच असतात."