चार कॉम्प्युटर, मिस्सा सुटेपर्यंत

"ए, बंद नको करूस! हात बाजूला!"

माझा हात स्विचवर आणि दारात हा... केस विस्कटलेले, हातात सुकेळ्यांची, आमच्याकडच्या वाळवलेल्या केळ्यांची, पुडी. म्हटलं, कोण रे हा शहाणा? माझ्याच पप्पांच्या सायबर कॅफेत मलाच हुकूम सोडतोय!

तो शेजारच्या वटार गावचा प्रितेश. एमएस्सी करत होता. दोन हजार तीन साल होतं. रविवारी सकाळी अर्धी वसई चर्चमध्ये मिस्साला जाते आणि कॅफे ओस पडतो, म्हणून पप्पांनी त्याला तेवढ्या वेळापुरते चारही कॉम्प्युटर दिले होते. एकच भलंमोठं गणित चारही मशीनना वाटून देणारी सॉफ्टवेअर लायब्ररी त्याला बसवायची होती.

"तयार नाही मिळत गं ही. मूळ कोडपासून घडवावी लागते. मध्येच बंद केलंस तर सगळं पाण्यात."

मग दर रविवारी काळ्या स्क्रीनवर ओळी धावायच्या आणि आम्ही सुकेळी खात बसायचो. हसला की त्याच्या उजव्या गालावर खळी पडायची... मिस्सा सुटली की पोरं गेम खेळायला धावत यायची आणि हा उठायचा. "कुठंतरी अडलं बघ. पुढच्या रविवारी परत पहिल्यापासून."

मला काय, बरंच होतं! पण ती दिपिका...

"दिपिकाला विचारतो." "दिपिकाचं असं अडत नाही कधी." लॅबमधली मैत्रीण म्हणे! एकदा न राहवून विचारलंच, "तिलाही सुकेळी नेतोस?"

"हो. आवडतात तिला."

तोंडातलं सुकेळं कडू झालं. शप्पथ सांगते, जळून नुसता कोळसा झाले. त्या दिवशी त्याच्याशी धड बोललेसुद्धा नाही.

आणि पुढच्याच रविवारी ती स्वतः हजर! निळी ओढणी, गोड आवाज. माझं डोकंच फिरलं.

"सरांची सीडी घेऊन बसलाय हा, तीच न्यायला आले," ती म्हणाली. मग स्क्रीनकडे बघून थबकली. "अरे, हे इथे कशाला? आपल्या लॅबमध्ये तू दिवाळीआधीच बसवलीस ना ही? पहिल्याच फटक्यात!"

"तुम्हाला विचारून विचारून करतो ना तो," मी फणकारले. "सुकेळी देऊन."

"मला? कसली सुकेळी?"

प्रितेश कानापर्यंत लाल. दिपिकाने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि सीडी उचलून हसत निघून गेली.

"जरा पानी दे ना," तो पुटपुटला. घाबरला की घरची बोली निसटायची त्याची.

"पाणी नंतर. दर रविवारी अडायचं काय?"

"काहीच नाही, उन्नती. नीट बसायची. मिस्सा सुटायच्या आत मीच पुसून टाकायचो... नाहीतर पुढच्या रविवारी कुठल्या निमित्ताने आलो असतो?"

"आणि दिपिका, दिपिका?"

"तिचं नाव काढलं की तू चिडायचीस. मग वाटायचं... मी आलेलो हिला आवडतं."

असा राग आला! आणि असं हसू आलं!

बाहेर पोरांचा गलका ऐकू आला. मिस्सा सुटली होती. सवयीने त्याची बोटं सगळं पुसायला कीबोर्डकडे गेली. मी मनगटच धरलं.

"हात बाजूला! राहू दे ती."

"मग पुढच्या रविवारी काय सांगून येऊ?"

"पप्पांना खरं सांग. उन्नतीसाठी येतो म्हणावं. मी असेन शेजारी." मनगट काही सोडलं नाही मी. "आणि पुन्हा दिपिकाचं नाव काढलंस ना... तर चारही स्विच बंद करीन!"