फोटोतली खिंड

दुकानाच्या भिंतीवर एकदा तरी घरच्यांचा डोंगरावरचा फोटो लागला पाहिजे, एवढ्याचसाठी ही मोहीम निघाली होती. दुकान फोटोंना चौकटी बसवून देण्याचं. दादा पट्ट्या कापायचा, वहिनी काचा पुसून बसवायची आणि छोटी खिळे ठोकून मागचा कागद चिकटवायची. छोटी चाळिशीला टेकली होती, पण शेंडेफळाला पडलेलं नाव पडलं ते पडलंच. लोकांची बर्फाळ शिखरं, लोकांचे उंचावलेले हात आणि लोकांची उन्हानं सोललेली नाकं चौकटीत बसवण्यात तिघांची निम्मी हयात गेली होती.

दादानं एका तळ्याची वाट शोधून ठेवली होती. रमतगमत चढायचं, मध्ये विसावा घ्यायचा, तळं बघून परतायचं. छोटीनं नाक मुरडलं.

"तळं काय, रिटायर झालेले लोकसुद्धा बघून येतात!" असं म्हणत तिनं एका गिऱ्हाइकाचा फोटो टेबलावर ठेवला. दोन काळ्या सुळक्यांच्या मधोमध पांढरीशुभ्र खिंड, वर निळंभोर आभाळ. "जायचं तर इथे!"

"उंची किती आहे?" वहिनीनं विचारलं.

"उंची काय विचारतेस? उजेड बघ ना!"

दुसऱ्या कुणी आधी उंची विचारली असती, चढ कसा आहे ते विचारलं असतं. हे पडले चौकटवाले! त्यांनी उजेड पाहिला, रंग पाहिले आणि माना डोलावल्या. दादा तेवढा पुटपुटला, "दुरून डोंगर साजरे गं बाई."

दुकानात एक नियम होता. गिऱ्हाइकासाठी ज्यानं पट्टी निवडली त्यानंच ती ठोकायची, आणि वाकडी गेली तरी कुरकुर करायची नाही. बाकीच्यांनीही टोमणे मारायचे नाहीत, निमूट मदत करायची. या नियमामुळे दुकानात कधी भांडण झालं नाही. तोच नियम तिघं सामानाबरोबर डोंगरावर घेऊन गेली.

सुरुवात तर झकास झाली. उंच झाडांच्या सावलीतून वाट वळणं घेत वर जात होती, खाली दरीत पाण्याचा आवाज सतत सोबतीला होता आणि वहिनी धापा टाकत का होईना, गाणी म्हणत होती. पुढे झाडं बुटकी झाली, मग झुडपं उरली, मग तीही संपली. उरले ते दगड, वारा आणि या तिघांपुढे चालणारा वाटाड्या. हा वाटाड्या मोठा मिशीवाला आणि मोजकं बोलणारा. रोज संध्याकाळी तंबूशी येऊन तो तेच विचारायचा, "डोकं दुखतंय? भूक आहे? झोप लागते?" आणि वर बजावायचा, "खरं सांगा. तुमच्या डोक्यात काय चाललंय ते मला बाहेरून दिसत नाही."

घसरत्या दगडांचा एक लांबलचक चढ आला आणि मोहिमेचा नूर पालटला. एक पाऊल वर टाकावं तर अर्धं खाली येत होतं. दुपारी गारा कोसळल्या. तंबूची एक काठी वाऱ्यानं मोडली, ती दादानं चिकटपट्ट्या गुंडाळून सांधली. आणि छोटीच्या कपाळात, दोन भुवयांच्या मधोमध, कुणीतरी खिळा ठोकायला सुरुवात केली!

"डोकं दुखतंय?" वाटाड्यानं विचारलं.

"छे! एकदम फर्स्टक्लास!" छोटी म्हणाली.

दुसरं काय म्हणणार? पट्टी तिनं निवडली होती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो हाच.

खिंडीखालच्या शेवटच्या तळावर सूप आलं. तिला घोटही जाईना. "बाहेर बसून पिते, काय सुंदर दिसतंय!" असं म्हणून ती मोठ्या खडकाआड गेली आणि तिनं वाटी बर्फावर उपडी केली. तेवढ्यात तिला शेजारी दुसरा डाग दिसला. तोही पिवळसर, तोही ताजाच, त्यातून अजून वाफ निघत होती. डागाजवळ वहिनीच्या बुटांचे ठसे होते.

छोटी त्या डागाकडे बघत उभी राहिली. म्हणजे वहिनीलाही जेवण जात नव्हतं. म्हणजे वहिनीही खोटं बोलत होती, आणि तेही छोटीच्या खिंडीसाठी! आता जाऊन वाटाड्याला सांगायचं, एवढंच काम होतं. पण तिच्या मनात आलं ते भलतंच. आधी वहिनीलाच बोलू दे. ती म्हणाली, 'मला जमत नाही,' की आपण मोठ्या मनानं म्हणू, 'चला परत, खिंड काय पळून जातेय?' परत फिरल्याचं खापर वहिनीच्या डोक्यावर, मोठेपणा आपल्या पदरात.

असा विचार आपण करू शकतो याची तिला तिथल्या तिथे लाज वाटली. पण लाज गिळून ती तंबूत गेली आणि गोड आवाजात म्हणाली, "थकलीस का गं वहिनी? राहू दे हवं तर."

"थकतील माझे दुश्मन!" वहिनी हसली. तिचे ओठ निळसर दिसत होते. छोटीनं ते पाहिलं आणि पाठ फिरवून ती पांघरुणात शिरली.

उजाडताच चढाई सुरू झाली. चौघं एका दोरात. पुढे वाटाड्या, मागे दादा, मग वहिनी, शेवटी छोटी. बर्फ कडक होता, बुटांखाली करकरत होता. दर पावलाला छोटी मनात म्हणत होती, आता बोल वहिनी. आता बोल. वहिनी बोलत नव्हती. ती नुसती झोकांड्या देत होती.

सुळके जवळ आले. मधली खिंड दिसली, थेट फोटोतल्यासारखी! वर आभाळ निळंभोर, आणि उजेड तर असा की बघत राहावं. हाकेच्या अंतरावर होती ती!

आणि वहिनी खाली बसली. शांतपणे तिनं एक हातमोजा काढला आणि बर्फात टाकला. मग दुसरा काढला. उघड्या बोटांनी ती समोरचा बर्फ पुसू लागली.

"काय करतेस गं?" दादा ओरडला.

"काच पुसतेय," वहिनी म्हणाली. "डाग जातच नाहीये. गिऱ्हाईक येईल ना आत्ता."

दादाचा चेहरा पांढराफटक पडला. तरी त्यानं खिंडीकडे पाहिलं, मग छोटीकडे. "एवढंच राहिलंय," तो चाचरत म्हणाला. "मी धरून नेतो हिला. तुझी एवढी हौस..."

"नको!" छोटी किंचाळली. "खाली! आत्ताच्या आत्ता खाली! हिला कालपासून बरं नाहीये. काल हिनं सूप ओतून दिलं, मी बघितलं होतं. मला माहीत होतं दादा! माझंही डोकं फुटतंय. मला जमत नाहीये. आधीच जमत नव्हतं!"

वाटाड्यानं तिच्याकडे एकदा पाहिलं, बस एकदाच. मग तो झटकन वाकला, वहिनीचे हातमोजे तिच्या हातांत चढवले आणि म्हणाला, "छोटीताई, तुम्ही पुढे. पावलं खणत चला. वर बघायचं नाही."

उतरण सुरू झाली. टाच रोव. पाय टाक. टाच रोव! डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. ढग खालून वर आले आणि पुढची वाट पुसून गेली. मागून दादाचा आवाज आला, "सांभाळ!" वहिनीचा पाय सुटला होता. ती छोटीच्या बाजूनं सरसरत खाली गेली. दोर ताणला. छोटी आडवी फेकली गेली. कुऱ्हाड! तिनं हातातली बर्फ खणायची कुऱ्हाड सगळा जीव एकवटून ठोकली. रुतली नाही. पुन्हा ठोकली. रुतली! कंबरेला दोर असा कचकन आवळला की श्वास कोंडला. वर दादा आणि वाटाड्या पाय रोवून मागे रेलले होते. खाली वहिनी दोराला लटकत होती. तिघांनी तिला हात-हातभर करत वर ओढलं.

तळावर आले, तंबू तेवढा उचलला. ते थांबले नाहीत. दगडांचा उतार बसत, घसरत, ढोपरं सोलून घेत पार केला. जसजसे खाली आले तसतसा छोटीच्या कपाळातला खिळा सैल झाला. बुटक्या झाडांपाशी पोचल्यावर वहिनीनं डोळे चोळले आणि विचारलं, "खिंड झाली का आपली?"

तिला वरचं काहीच आठवत नव्हतं. तंबूत, गरम पाण्याची पिशवी पोटाशी धरून, तिनं दादाकडून काय झालं ते ऐकलं. दादानं सुपाचं तेवढं गाळलं.

वहिनीचे डोळे भरून आले. "वन्सं, एवढी तुमची हौस," ती म्हणाली, "आणि माझ्यापायी समोरची खिंड सोडलीत! सख्खी बहीण करणार नाही हो."

छोटीनं दादाकडे पाहिलं. दादानं किंचित मान हलवली, 'राहू दे.' राहू दिलं असतं तर राहिलंही असतं. घरी गेल्यावर नातेवाइकांत हीच गोष्ट रंगवून सांगितली गेली असती, आणि छोटीनं दर वेळी खाली मान घालून ती ऐकली असती. लोकांनी त्याला विनय म्हटलं असतं.

"तुझ्यापायी नाही," छोटी म्हणाली. तिचे कान तापले होते. "तू सूप ओतलेलं मी पाहिलं होतं, वहिनी. तुझे ओठ निळे पडलेले पाहिले होते. तरी गप्प बसले. तू आधी हरावंस म्हणून वाट बघत होते."

वहिनीनं पिशवी बाजूला ठेवली. मग कूस बदलून झोपली. छोटीला वाटलं, जमीन दुभंगावी आणि तिनं आपल्याला पोटात घ्यावं.

सकाळी वहिनी सगळ्यांच्या आधी तयार झाली आणि वाटाड्यामागोमाग पुढे चालू लागली. तिनं ना हाक मारली, ना चेष्टा केली. दादा मधून चालत होता, दोघींकडे आळीपाळीनं बघत. छोटी सगळ्यांत मागे, ज्याच्यावर नजर ठरेल असं काही सापडत नसल्यामुळे स्वतःच्या बुटांकडे बघत येत होती.

शेवाळलेल्या खडकांचा एक उभा टप्पा आला. वाटाड्या उतरला, वहिनी उतरली, दादा उतरला. छोटी वरच अडखळली. वहिनी चार पावलं पुढे गेली होती. ती थांबली, मागे आली आणि तिनं हात वर केला.

"धर. घसरडं आहे."

छोटीनं हात धरला. वहिनीची बोटं वरच्या गारठ्यानं अजून सुजलेली होती. "राग गेला?" छोटीनं हळूच विचारलं.

"नाही," वहिनी म्हणाली. "पाय नीट ठेव."