दोघींची खोली

होस्टेलमधल्या माझ्या खोलीत दोन पलंग, दोन टेबलं आणि एक बेसिन होतं. दारावरच्या कागदावर मात्र माझ्या एकटीचंच नाव. दुसऱ्या मुलीने प्रवेश घेतला होता, पण ती आलीच नाही, असं रेक्टर मॅडम म्हणाल्या.

"मजा आहे तुझी. पहिल्याच वर्षी एकटीला खोली."

मला बरंच वाटलं. मी जीवशास्त्राला होते आणि घरातून बाहेर शिकायला निघालेली पहिलीच मुलगी. मोठे काका निघताना सगळ्यांदेखत म्हणाले होते, "चार महिन्यांत रडत परत येते की नाही बघा." आईने त्यांच्यासमोर जन्मात पहिल्यांदा तोंड उघडलं. "नाही येणार ती." त्यामुळे काहीही झालं तरी परत जाणं शक्य नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी प्रॅक्टिकल आटोपून आले, चेहरा धुतला आणि टॉवेल तोंडाला लावला. टॉवेल ओला होता. सकाळी सात वाजता उन्हात वाळत घातलेला टॉवेल दुपारी दोनला पिळला तर पाणी निघेल इतका ओला, आणि कोमट. त्याला भांडी पुसायच्या जुन्या फडक्यासारखा आंबूस वास येत होता. मी साबणाने तीनदा तोंड धुतलं, तरी तो वास दिवसभर नाकातून गेला नाही.

मग साबणाचा नंबर लागला. वडी गुळगुळीत ठेवून जायचे, परत येईपर्यंत ती लिबलिबीत झालेली असायची आणि तिला एक लांब, काळा केस चिकटलेला असायचा. माझे केस मानेपर्यंत कापलेले. ब्रश ओला. पाण्याच्या ग्लासच्या कडेला बोट फिरवलं की बुळबुळीत थर लागायचा. किल्ली एक माझ्याकडे, दुसरी मॅडमच्या कपाटात.

झाडायला येणाऱ्या मावशी एकदा दारातच कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. त्यांच्या हातातल्या तारेला बेसिनमधून काढलेला केसांचा गुंता लोंबत होता, उंदराएवढा. त्यातून राखाडी पाणी ठिबकत होतं.

"हे रोजचं झालंय हं. तुझ्या त्या दुसरीला सांग, केस बेसिनमध्ये नको विंचरूस म्हणावं."

"दुसरी कोण, मावशी?"

त्यांनी आत पाहिलं, मग माझ्याकडे. "तुझी रूममेट गं. मी बोलले तर नुसती बघत बसते."

मला भडभडून ओकारी आली. मावशींना वाटलं, केस बघून आली.

त्या दिवशी मी रिकाम्या पलंगावरची गादी नीट पाहिली. मधोमध ती दबली होती. शिवणीत पांढुरके, ओलसर पापुद्रे अडकले होते. मी चिमट्याने एक उचलून डबीत घातला आणि प्रयोगशाळेत नेला. आमचे लॅब असिस्टंट तीस वर्षं त्याच टेबलापाशी बसलेले. त्यांनी काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली, बराच वेळ पाहिलं आणि चष्मा काढून पुसला.

"कातडी आहे. माणसाची. खूप दिवस पाण्यात राहिलेली." मग आवाज खाली आणून म्हणाले, "कुठून आणलीस?"

"खोलीतून, सर."

त्यांनी काचपट्टी माझ्यादेखत फेकून दिली आणि साबणाने कोपरापर्यंत हात धुतले.

मी खोली बदलून मागितली. मॅडम म्हणाल्या, "एकही पलंग शिल्लक नाही. नसेल जमत तर घरून ये-जा कर." आमचं घर नऊ तासांवर होतं. मला काकांचा चेहरा आठवला.

दुसऱ्या दिवशी मी एक निळा टॉवेल, नवा साबण, नवा ब्रश आणि ग्लास आणला. सगळं दुसऱ्या टेबलावर मांडलं. भर दुपारी, दार बंद करून, रिकाम्या पलंगाकडे बघत मी मोठ्याने म्हणाले, "हे तुझं. माझ्या वस्तूंना हात लावायचा नाही."

स्वतःचीच लाज वाटली.

संध्याकाळी माझा टॉवेल कोरडा होता. निळा ओला होता.

त्यानंतर दिवस सुरळीत गेले, असंच म्हणावं लागेल. किळस गेली नाही. आंबूस वास वह्यांना लागला, माझ्या कपड्यांना लागला. वर्गात शेजारच्या मुली जागा बदलून बसू लागल्या. पण मी अभ्यास केला. पहिल्या सत्रात वर्गात दुसरी आले. आई फोनवर रडली. "रुळलीस ना गं?" तिने विचारलं. "रुळले," मी म्हणाले.

वार्षिक परीक्षेच्या शेवटच्या दिवशी आई न्यायला आली. माझा पेपर होता म्हणून मॅडमनी तिला खोली उघडून दिली. मी दोनला परतले, तर आई दुसऱ्या पलंगावर मांडी घालून बसली होती. समोरची गादी ओली. तिच्या हातात तिचा कंगवा होता, आणि कंगव्याच्या दातांत लांब, काळे केस आणि पांढुरके पापुद्रे.

"आई, काय करतेस?"

"वेणी घातली तिची." आई हसत होती. "केवढा गुंता! बिचारीला आई नाही म्हणे. तू एका शब्दाने बोलली नाहीस मला कधी."

"कुठे आहे ती?"

"आत्ता तर होती. पिशवी भरायला गेली असेल." तिने कंगवा पदराला पुसला. "मी म्हटलं, सुट्टीत एकटी काय करशील इथे? चल आमच्याकडे."

मी आईचे हात बेसिनच्या नळाखाली धरून चोळचोळून धुतले. ती म्हणाली, "अगं, दुखतंय." मी बॅग उचलली, तिला जवळजवळ ओढतच जिने उतरले आणि स्टँड गाठला. मागे वळून पाहिलं नाही.

बसमध्ये तिघांचं बाकडं मिळालं. आई कडेला बसली, मी मध्ये. कंडक्टर आला. आईने तीन तिकिटं मागितली. त्याने खिडकीकडे एकदा पाहिलं आणि तीन फाडून दिली.

बाहेर लख्ख ऊन होतं. आईला डुलकी लागली.

मी समोर बघत बसून राहिले. गाव मागे पडेपर्यंत माझ्या खिडकीकडच्या खांद्यावर जडपणा आला, आणि बाही हळूहळू कोपरापर्यंत भिजली.