नऊ नंबरमधली टकटक

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. हे माझ्याच बाबतीत घडलंय. सांगण्यासारखं नाही, म्हणून चार वर्षं तोंड उघडलं नाही.

रात्रीची गोष्ट नाही. गुरुवार होता, सकाळचे पावणेआठ. चांगलं ऊन पडलेलं.

एकट्या राहणाऱ्या निवृत्त सैनिकांसाठी बांधलेल्या वसाहतीत मी केअरटेकर होतो. दोन मजले, चोवीस खोल्या. नर्स, व्यायामाची खोली, मनातलं बोलायला समुपदेशक बाई, सगळी सोय. प्रत्येक दारावर एक पाटी होती, एका बाजूने लाल, दुसरीने हिरवी. रात्री मी सगळ्या लाल करायचो. सकाळी उठलं की ज्याने त्याने आपली हिरवी करायची. म्हणजे माणूस ठीक आहे. आठ वाजता पाटी लाल दिसली, तर मी दार ठोठावायचं. उत्तर नाही आलं, तर माझ्या किल्लीने उघडायचं.

एवढंच काम. आणि तेवढंही मला जड झालं होतं.

निम्मे म्हातारे पाटी फिरवायला विसरायचे. दार वाजवलं की वर ऐकून घ्यायचं, "जिवंत आहे रे, मेलो की कळवतो." मग मी डोकं चालवलं. जाता जाता लाल पाट्या मीच हिरव्या करू लागलो. ना साहेबांची कटकट, ना म्हाताऱ्यांची.

वरच्या मजल्यावर नऊ नंबरमध्ये टकटक काका राहायचे. फौजेत वायरलेसवर होते. पाटी ते फिरवायचे, पण तिच्यावर त्यांचा भरवसा नव्हता. "पाटीला काय कळतंय? माणसाला माणसाने उत्तर द्यावं," म्हणायचे. रोज सकाळी बाथरूममधल्या पाइपवर काठीने तीनदा वाजवायचे. तो पाइप खाली माझ्या ऑफिसातून जायचा. मी किल्लीने दोनदा वाजवायचं.

"तीन म्हणजे मी आहे. दोन म्हणजे तू आहेस. झालं, दोघंही चहा प्यायला मोकळे."

पहिले काही महिने मजा वाटली. मग कंटाळा आला. मी उत्तर देणं बंद केलं. काका थोडा वेळ वाजवत राहायचे आणि गप्प व्हायचे.

त्या गुरुवारी वरचे साहेब पाहणीला येणार होते. माझी धावपळ चाललेली. पावणेआठला पाइप वाजला.

टक... टक... टक.

मी लक्ष दिलं नाही.

आठला वर गेलो. नऊ नंबरची पाटी लाल. आतून टकटक चालूच. वाजवतोय म्हणजे म्हातारा ठणठणीत आहे, असं मनाशी म्हणालो, पाटी हिरवी केली आणि पुढे गेलो.

किल्ली माझ्या खिशात होती.

साडेदहापर्यंत ते वाजत होतं. हळू... अजून हळू...

मग थांबलं.

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

दुपारी नर्स औषध घेऊन गेली आणि तशीच पळत खाली आली. काका बाथरूममध्ये पडले होते. खुबा मोडला होता, डोकं फुटलं होतं. अंग केव्हाच गार झालं होतं. काठी अजून हातात होती.

संध्याकाळी त्यांची मुलगी आली. खोलीला कुलूप लावून आम्ही दाराबाहेर उभे होतो.

"दादा, बाबा फार वेळ पडून नव्हते ना?"

"नाही हो ताई. सकाळी पाटी हिरवी होती. नंतर एकदम पडले असतील. कळलंही नसेल त्यांना."

तिने माझे दोन्ही हात धरले. "तुम्ही होतात म्हणून मी निर्धास्त होते."

धरणीने पोटात घ्यावं असं झालं. मी नुसती मान डोलावली.

ती जिना उतरून गेली. मी मागे वळलो...

पाटी लाल होती.

मी हिरवी केली. चार पावलं गेलो, वळून पाहिलं... लाल. शेवटी स्क्रू काढून पाटी ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये टाकली, हिरवी बाजू वर करून. दुसऱ्या दिवशी ड्रॉवर उघडला.

लाल बाजू वर.

महिनाभरात नोकरी सोडली. वाटलं, सुटलो.

घरी बसलो त्या पहिल्याच सोमवारी, पावणेआठला, आमच्या बाथरूमचा पाइप वाजला.

टक... टक... टक.

बायको म्हणाली, "मला तर काहीच ऐकू येत नाही." खाई त्याला खवखवे, दुसरं काय. ती कामावर गेली की मी किल्ली घेऊन दोनदा वाजवतो. शंभरदा वाजवून झालंय. ते थांबत नाही. रोज साडेदहापर्यंत चालतं, हळू होत होत.

दरवर्षी त्या तारखेला काकांची मुलगी फोन करते, माझे आभार मानायला. यंदा तिने सकाळी नऊलाच केला. बोलता बोलता थांबली.

"दादा, तुमच्याकडे कोण वाजवतंय?"

मी बाथरूमच्या दाराकडे पाहिलं.

"बाबा असंच वाजवायचे," ती म्हणाली.

टकटक एकदम बंद झाली. पाइपच्या पलीकडे कोणीतरी कान देऊन होतं...

एक वाक्य बोलायचं होतं. एकच. जिभेवर आलंही होतं.

"नळात हवा धरलीय, ताई," मी म्हणालो.

"हो का?" ती हसली. "तुमच्यासारखी माणसं आता मिळत नाहीत हो."

त्या दिवसापासून आवाज पाइपातून येत नाही. बाथरूमच्या दारावर येतो. आतून. अगदी खाली, जमिनीलगत, पडलेल्या माणसाचा हात पोचेल तिथे.

हे लिहितोय तेव्हा पावणेदहा झालेत. बायको कामावर गेली आहे. टकटक हळू होत चालली आहे.

कडी माझ्या बाजूला आहे.

साडेदहाला अजून पाऊण तास आहे, आणि मी खुर्चीतून उठलेलो नाही.