चौथा ठोका

मी गाणी रेकॉर्ड करते. कानांवरच माझं पोट चालतं. त्यामुळे 'तुला भास झाला असेल' असं मला कोणी सांगू नका. लिहितेय ते घडलेलं आहे... आणि अजून संपलेलं नाही.

मंगळवार होता. दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं. फर्निचरच्या दुकानाखालचं तळघर, भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या. बाहेर लख्ख ऊन. भुताखेतांची वेळ मुळीच नव्हती.

पण आधी बँडचं सांगते.

माझ्या दादाचा रॉक बँड होता. तिघंच. दादा गिटार वाजवायचा आणि गायचा. बेस गिटारवर मामा. तो कोणाचाच मामा नव्हता, पण सगळ्यांचे डबे, वायरी, औषधं तोच सांभाळायचा. आणि ड्रमवर तोफ. वाजवायला बसला की गाद्यांतली धूळ उडायची. बोलायचा मात्र इतकं हळू की दोनदा विचारावं लागायचं.

सुरुवात कशी करायची ते ठरलेलं होतं. तोंडाने कोणी मोजायचं नाही. तोफ दोन स्टिक एकमेकींवर आपटणार. टक, टक, टक, टक. मग सगळे एकदम सुटणार.

चौथा ठोका पडल्याशिवाय दादाचा हात तारांवर जायचाच नाही. दहा वर्षांची सवय.

पहिला अल्बम म्हणजे नुसता धुडगूस. कॉलेजची पोरं वेडी झाली. मग दादाला वाटायला लागलं, किती दिवस आरडाओरडा करायचा? आता शांत गाणी करू. ड्रमसाठी मशीन आहेच.

पण तोफला हे सांगायचं कोणी?

मामा म्हणाला, "मी नाही बाबा. माझी जीभ रेटणार नाही."

दादाचीही रेटली नाही.

त्यांनी सरावाची वेळ बदलली. दुपारी तीनची सकाळी दहा केली. आणि तोफला कळवलंच नाही.

तो महिनाभर तीन वाजता येत राहिला. दुकानाचा वॉचमन सांगायचा, पायरीवर बसतो, स्टिक वाजवत राहतो, पाचला उठून जातो. विचारलं तर म्हणतो, "येतीलच आता."

मला सगळं माहीत होतं. मीही गप्प बसले.

त्या हिवाळ्यात तोफ न्यूमोनियाने गेला. आम्हाला चार दिवसांनी कळलं.

दादा कोलमडला. म्हणाला, "छोटे, नव्या अल्बममध्ये त्याचं काहीतरी असू दे गं." मी जुन्या रेकॉर्डिंगमधून ते चार ठोके कापले आणि प्रत्येक गाण्याच्या आधी लावले. वाटलं, तेवढंच मनावरचं ओझं उतरेल.

तिथेच चुकलं.

दुसरा अल्बम आला. सगळे म्हणाले, बँड परिपक्व झाला. तिसऱ्यावर तर मासिकांत लेख आले... किती संथ, किती खोल. पुरस्कारही मिळाला.

परिपक्व वगैरे कोणी झालं नव्हतं. मशीनचा वेग मी त्या ठोक्यांवरून लावायचे. पहिल्यांदा मोजले तेव्हा मिनिटाला एकशे साठच्या वेगाने होते. वर्षभराने एकशे दहा. पुढच्या वर्षी सत्तर.

फाईल तीच होती... मी तिला हातही लावला नव्हता.

आणि दादाही मंदावत चालला होता. जिने चढायला वेळ, उत्तर द्यायला वेळ. आई म्हणायची, "याचा एक घास उतरेपर्यंत माझं जेवण होतं."

मला भीती वाटायला लागली. त्या मंगळवारी सकाळी मी ती फाईल पुसून टाकली.

सराव दादाने तीन वाजता ठेवला होता. तीनच का, ते त्याला सांगता येईना.

मी म्हटलं, "आज ठोके नाहीत. मी बोट वर केलं की सुरू कर."

"बरं," तो म्हणाला. खूप वेळाने.

मी बोट वर केलं.

दादाने हात उचलला... आणि तसाच धरून ठेवला.

माझ्या हेडफोनमध्ये...

टक.

स्क्रीनवरची आवाजाची रेघ सपाट होती. मामाने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या हेडफोनमध्येही ऐकू आलं होतं.

कितीतरी वेळ काहीच नाही. मग...

टक.

मी वायर उपटून टाकली. हेडफोन काढून फेकला.

तिसरा ठोका हेडफोनमधून आला नाही. तो दाराबाहेरच्या पायरीवरून आला.

मामाने धावत जाऊन दार उघडलं. पायरी रिकामी. वर वॉचमन खुर्चीत पेपर वाचत होता. त्याने काहीच ऐकलं नव्हतं.

"दादा, वाजव ना," मी म्हटलं. "दादा, हात खाली घे."

तो काहीतरी पुटपुटला. इतकं हळू की मला दोनदा विचारावं लागलं.

"थांब गं... चौथा येतोय."

याला अकरा महिने झाले.

दादा घरी खुर्चीत बसून असतो. उजवा हात वर, बोटांत तारा छेडायचं पिक. डॉक्टरांनी आजाराला एक नाव दिलं, मग ते बदललं. आई भरवते. झोपेतही हात खाली येत नाही, म्हणून ती त्याखाली उशी लावते. मामाने बेस विकला. तो आता आमचा फोन उचलत नाही.

मी तोफच्या घरून त्याच्या स्टिक मागून आणल्या. दादाच्या कानाशी चौथा ठोका स्वतः वाजवला. त्याने फक्त मान हलवली.

"हा नाही."

मी त्या पायरीवर तीन ते पाच बसून आले. मोठ्याने माफी मागितली. कोणी आलं नाही.

तोफ निदान पाचला उठून जायचा. रोज पाच वाजले की आई दादाकडे बघते. तो उठत नाही.

परवा दुपारी मी कामावर होते. समोर एक गायिका होती. तिला सुरू करायची खूण द्यायला मी बोट वर केलं...

टक.

तिने विचारलं, "ताई, काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही."

एकच होता. दुसऱ्याची वाट बघायची नाही, असं मी स्वतःला बजावतेय. पण कान तिकडेच लागलेला असतो.